वाचकांचे प्रश्न: बिग बँडचा जमाना आणि मागच्या रांगेतली माणसं

मागच्या अंकात जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्ड्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की मी थक्क झालो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त हिंदी-मराठी गाण्यांबद्दल नाहीतच, ग्लेन मिलर, बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन बँडवाल्यांबद्दल आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर स्विंगला, म्हणजे ह्या मोठ्या बँडांच्या नाचाच्या जॅझ संगीताला दिलंय. काही पत्रं मोठी होती, थोडी कापलीत, राग मानू नका.

वडील गोदीत कामाला होते. बोटीवरच्या खलाशांकडून, कधी चोरबाजारातून ते इंग्लिश बाजाच्या रेकॉर्ड्स आणायचे. घरात आई पोथी वाचतेय आणि बाहेरच्या खोलीत ग्लेन मिलर वाजतोय असं आमचं लहानपण. मला आता ७४ पूर्ण झालीत, गुडघे दुखतात, पण ते गाणं लागलं की पाय आपोआप हलायला लागतो. ह्या ठेक्यात असं नेमकं काय असतं? — एक वाचक, ठाणे

काका, तुमचा पाय बरोबर सांगतोय, कारण हे संगीत मुळात नाचायसाठीच केलेलं आहे. गुडघा साथ देत नसेल तर खुर्चीत बसून बोटं नाचवा, पण नुसतं स्वस्थ बसून ऐकू नका.

आता ठेका. चार मात्रांचा असतो. आपण एका मात्रेचे दोन तुकडे करतो तेव्हा सारखे करतो, टाटा टाटा टाटा. स्विंगमध्ये पहिला तुकडा लांब आणि दुसरा आखूड, टाऽट टाऽट टाऽट, म्हणजे चालतोय केरवा पण प्रत्येक मात्रेच्या पोटात दादऱ्याचा झोका आहे असं समजा. लय खूप वाढवली की हा फरक कमी होत जातो, मध्यम लयीत मात्र स्पष्ट कळतो. वर ड्रमवाला पायाने दोन झांजा मिटतो त्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि खालून मोठं उभं बेस चारही मात्रांवर एकेक सूर टाकत चालत राहतं. तुम्ही टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथ्यावर देऊन बघा, लगेच कळेल झोका कुठून येतो ते.

काउंट बेसीच्या बँडमध्ये ठेक्याची एक चौकडी होती, स्वतः बेसी पियानोवर, वॉल्टर पेज बेसवर, जो जोन्स ड्रमवर आणि फ्रेडी ग्रीन गिटारवर. आता ह्या फ्रेडी ग्रीनची गिटार रेकॉर्डमध्ये शोधायला जा, पटकन सापडतच नाही. तो जवळजवळ पन्नास वर्षं त्या बँडमध्ये बसून प्रत्येक मात्रेला एक स्ट्रोक देत राहिला, सोलो घ्यायचा तर जवळपास नाहीच. पण तो स्ट्रोक काढून टाकला तर वरचे सगळे ट्रंपेट लंगडायला लागतील. मला विचाराल तर सगळ्या जमान्यातला माझा सगळ्यात लाडका वादक तोच.

मी कोल्हापूरकडच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, लग्नाचं सीझन आणि गणपती. आमच्यात सगळे एकच चाल वाजवतात. यूट्यूबवर ग्लेन मिलर ऐकला तर तिथे प्रत्येक जण वेगळं वाजवतोय आणि तरी एकच वाटतंय. हे कसं बसवतात? — एक वादक

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं दादा, कारण खरा प्रश्न हाच आहे आणि तो वाजवणाऱ्यालाच पडतो.

साधारण १९४०च्या सुमाराचा बँड घ्या. पुढे चार-पाच सॅक्सोफोन, त्यातलेच एक-दोघं लागेल तेव्हा क्लॅरिनेट उचलतात. मागे तीन-चार ट्रंपेट, तीन-चार ट्रॉम्बोन, आणि बाजूला पियानो, गिटार, बेस, ड्रम. पंधरा-सोळा माणसं. प्रत्येकाच्या समोर स्टँडवर स्वतःचा वेगळा कागद. चाल एकाकडे, बाकीच्यांकडे त्याच्या खालचे सूर, आणि सगळे मिळून एकच जाड आवाज निघतो. सॅक्सवाले एक ओळ विचारतात, ट्रंपेटवाले वरून उत्तर देतात, आपल्याकडे कीर्तनात बुवा एक ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात तसं. हे कोणी कधी काय वाजवायचं ते लिहून देणारा माणूस म्हणजे अरेंजर.

ग्लेन मिलरचा जो आवाज तुम्हाला ओढतोय त्याची किल्ली तर तुमच्याच वाद्यात आहे. बाकी बँड सॅक्सच्या ताफ्यात वरची ओळ आल्टो सॅक्सला द्यायचे. मिलरने ती क्लॅरिनेटला दिली, आणि तीच ओळ एक सप्तक खाली टेनर सॅक्सकडून वाजवून घेतली, मधल्या जागेत बाकीचे सॅक्स भरले. क्लॅरिनेटवर विल्बर श्वार्ट्झ नावाचा तरुण पोरगा होता. तुमच्या बँडमध्ये टेनर सॅक्सवाला असेल तर एक संथ चाल दोघांनी एकेक सप्तक सोडून वाजवून बघा, तालीम करताना, वरातीत नको. अंगावर काटा येतो की नाही ते कळवा मला.

आणि एक गोष्ट तुमच्या ट्रंपेटवाल्यांना सांगा. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये बबर माइली ट्रंपेटवर आणि ट्रिकी सॅम नॅन्टन ट्रॉम्बोनवर, हे लोक मोरी तुंबल्यावर प्लंबर जो रबरी पंप वापरतो त्याची नुसती वाटी घेऊन वाद्याच्या तोंडावर उघडझाप करायचे, आणि वाद्य चक्क माणसासारखं गुरगुरायचं, रडायचं, बोलायचं. दांडा काढून टाकलेली रबराची वाटी, बस! हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

अरेंजरबद्दल थोडं लांबून सांगतो, कारण माझ्या मते आठवणी काढताना आपण सगळ्यात मोठा अन्याय करतो तो ह्या माणसांवर. बेनी गुडमनला लोक स्विंगचा राजा म्हणायचे. त्याची गोष्ट अशी, की १९३४-३५च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कहून एनबीसी रेडिओवर शनिवारी रात्री एक लांबलचक नाचाचा कार्यक्रम असायचा, त्यात गुडमनच्या बँडची पाळी रात्री उशिरा यायची. न्यूयॉर्कला तोपर्यंत बरेच जण झोपलेले, पण तिकडे पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे, म्हणजे कॅलिफोर्नियातली कॉलेजची पोरं ऐन संध्याकाळी जागी राहून ऐकायची. गुडमनला ह्याचा पत्ताच नव्हता. १९३५च्या उन्हाळ्यात तो बँड घेऊन दौऱ्यावर निघाला, ठिकठिकाणी लोकांनी नाकं मुरडली, आणि २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये पोचले तेव्हा सगळे कंटाळून गेलेले. आधी गुळमुळीत गाणी वाजवली, कोणी हललं नाही. मग ठरवलं की बुडायचंच तर आपल्या आवडीचं वाजवून बुडू, आणि रेडिओवर वाजवायचे ते गरम, म्हणजे जोशातल्या चालींचे कागद काढले. पब्लिक नाचायचं सोडून स्टेजपुढे येऊन उभं राहिलं, ओरडायला लागलं. स्विंगचा जमाना सुरू झाल्याची तारीख म्हणून लोक हीच सांगतात.

आता ते कागद कोणाचे? बरेचसे फ्लेचर हेंडरसनचे. जॉर्जियाचा कृष्णवर्णीय माणूस, केमिस्ट्रीची डिग्री घेऊन १९२०ला न्यूयॉर्कला आला आणि संगीतात शिरला. त्याचा स्वतःचा बँड होता, १९२४ला लुई आर्मस्ट्राँग त्याच्याकडे येऊन वाजवून गेला. सॅक्सचा ताफा विरुद्ध ब्रासचा (ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा) ताफा ही सवाल-जवाबाची घडी तो आणि त्याच्याकडचा डॉन रेडमन यांनी बसवली. पैशाची तंगी आली तेव्हा तेच कागद त्याने गुडमनला विकले. गुडमन माणूस सरळ होता, श्रेय नाकारायचा नाही, टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन ह्या कृष्णवर्णीय वादकांना घेऊन तो त्या काळात उघडपणे स्टेजवर बसला. पण राजा कोण ठरला आणि कागद विकून दिवस कोणी काढले, हे माझ्या डोक्यातून काही जात नाही.

मी २३ वर्षांची आहे, पुण्यात आयटीत. स्विंग ऐकते, लिंडी हॉप (स्विंगवरचा जोडीचा नाच) शिकते. घरचे आणि मित्रमैत्रिणी म्हणतात की जो काळ तू बघितलाच नाहीस त्याची कसली आठवण काढतेस, हे सगळं फेक आहे. मलाही कधीकधी तसंच वाटतं. — एक वाचक, पुणे

अगं, तुझ्या मित्रांपैकी किती जणांनी बालगंधर्वांना स्टेजवर बघितलंय?

तुला फ्रँकी मॅनिंगची गोष्ट सांगतो, तुझ्या नाचाच्या क्लासमध्ये नाव ऐकलं असशीलच. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लेनॉक्स अॅव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम होती, १९२६ला उघडली, दोन रस्त्यांच्या मधली अख्खी लांबी व्यापणारी, दोन स्टेज, एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणून संगीत तुटायचंच नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गोऱ्या-काळ्यांनी एका फ्लोअरवर यायचं नाही अशा दिवसांत तिथे सगळे एकत्र नाचायचे. ११ मे १९३७ला तिथे बेनी गुडमनचा बँड आणि सॅव्हॉयचा घरचा चिक वेब यांचा सामना झाला, आत हजारो, बाहेर रस्त्यावर आणखी हजारो. चिक वेब लहानपणीच्या मणक्याच्या टीबीमुळे अगदी ठेंगणा राहिलेला, पाठीला कुबड, पण ड्रमवर बसला की गुडमनकडच्या जीन क्रुपासारखा स्टार ड्रमरसुद्धा त्याच्यापुढे वाकला. त्या रात्री जिंकला वेब. दोन वर्षांत तो गेला, आणि त्याच्याकडे गाणारी तरुण मुलगी बँड सांभाळायला लागली, तिचं नाव एला फिट्झजेराल्ड.

तर फ्रँकी मॅनिंग ह्याच सॅव्हॉयमधला पोरगा. पार्टनरला पाठीवरून उलटी उडवून बरोब्बर तालावर उतरवायचं, हे लिंडी हॉपमध्ये पहिल्यांदा त्याने आणि फ्रीडा वॉशिंग्टनने आणलं, १९३५ला. पुढे दुसरं महायुद्ध झालं, जमाना सरला, सॅव्हॉय १९५८ला बंद पडली. हा माणूस पोस्टात नोकरीला लागला आणि तीसेक वर्षं तेच काम केलं. नाच सुटलाच जवळजवळ. आणि मग ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली आणि स्वीडनमधली तुझ्यासारखी तरुण पोरं, ज्यांनी तो काळ अजिबात बघितला नव्हता, जुन्या फिल्म्स पुन्हा पुन्हा बघून त्याला शोधत आली. पोस्टातला हा माणूस पुन्हा शिकवायला उभा राहिला, जगभर फिरला, २००९ला ९५ला महिनाभर कमी असताना गेला. त्या पोरांना कोणी फेक म्हणालं असेल आणि त्यांनी ते मनावर घेतलं असतं, तर आज तुझ्या क्लासमध्ये शिकवायला काय उरलं असतं? शिक तू. आणि ठाण्याच्या काकांसारखं कोणी नात्यात असेल तर त्यांना एकदा क्लासला घेऊन जा.

रॉक अँड रोल आलं म्हणून बिग बँड संपले का? — एक वाचक, नागपूर

नाही, रॉक अँड रोल यायच्या बरंच आधी संपले होते. एका कारणाने नाही, चहूबाजूंनी घेरले गेले.

युद्ध लागलं, वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायरवर रेशनिंग, त्यामुळे सोळा माणसांची बस गावोगाव फिरवणं मुश्किल. रेकॉर्डसाठी लागायची लाख, आणि ती लाख जायची आपल्याकडून, छोटा नागपूरच्या जंगलातून, कुसुम-पळसाच्या फांद्यांवरून. जपान युद्धात उतरल्यावर तो पुरवठा आटला आणि अमेरिकन सरकारने १९४२ला रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लावली. (ठाण्याच्या काकांकडच्या रेकॉर्ड्समध्ये कदाचित आपल्याच झाडांची लाख असेल, हे मला राहून राहून आठवत होतं लिहिताना.) त्याच वर्षी १ ऑगस्टला वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून रेकॉर्ड लावायच्या यंत्रावर) फुकट रेकॉर्ड वाजतात आणि त्यापायी जिवंत वादकाची नोकरी जाते, तर आमच्या फंडात रॉयल्टी द्या. डेका कंपनीने १९४३ला मान्य केलं, दोन मोठ्या कंपन्या मात्र १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून बसल्या. पण गायक त्या युनियनमध्ये नव्हते! मग कंपन्यांनी बँडशिवाय, नुसत्या कोरसच्या साथीवर गायकांची रेकॉर्ड काढली, फ्रँक सिनात्रा १९४३ला तसाच गायला, आणि लोकांना सवय लागली की पुढे गायक, बँड कुठेतरी मागे. वादकांनी स्वतःच्या पोटासाठी लढाई केली आणि तिच्यात स्वतःच मागच्या रांगेत गेले, फार वाईट वाटतं ह्याचं. १९४४ला नाचाच्या ठिकाणांवर जबर टॅक्स बसला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ग्लेन मिलर इंग्लंडहून पॅरिसला एका छोट्या विमानातून निघाला आणि परत दिसलाच नाही, विमानही सापडलं नाही. शेवटी १९४६च्या डिसेंबरात काही आठवड्यांत गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वुडी हर्मन असे आठेक नामांकित बँड बंद झाले. काही पुन्हा जमले, पण ते पूर्वीचं राहिलं नाही.

एलिंग्टन तेवढा थांबला नाही. स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून पगार भागवत १९७४ला जाईपर्यंत बँड चालवला. १९५६च्या अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलमध्ये त्याच्या टेनर सॅक्सवाल्याने, पॉल गोन्साल्व्हिसने, एका दमात सत्तावीस आवर्तनांचा सोलो वाजवला आणि पब्लिक वेडं झालं. आडनावामुळे आपल्याकडे लोकांना तो गोव्याचा वाटतो, पण त्याचं घराणं आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांचं, तेही पोर्तुगीजांचंच राज्य होतं.

माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले, आधी हॉटेलात ट्रंपेट वाजवायचे, मग फिल्म स्टुडिओत. कुठल्याच सिनेमावर, कुठल्याच रेकॉर्डवर नाव नाही. घरात फक्त ट्रंपेटची रिकामी पेटी आहे. त्यांनी काय वाजवलं हे आता कळू शकतं का? — एक वाचक, वसई

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

कुठल्या गाण्यात कुठला ट्रंपेट त्यांचा, हे आता बहुधा कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ते कुठल्या मंडळीत होते ते सांगता येतं. १९३५ला लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, त्याच्यामागून ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानिस्ट टेडी वेदरफोर्ड आला. न्यूयॉर्क-पॅरिसमधलं ताजं संगीत अपोलो बंदरावर येऊन पोचलं. ते उचलायला तयार कोण होतं, तर गोव्याची पोरं, कारण गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच मेस्त्र, म्हणजे संगीताचे मास्तर, सोल्फा (तिकडचं सारेगम) आणि नोटेशन (सूर कागदावर लिहायची-वाचायची पद्धत) घोटून घ्यायचे. समोर कागद ठेवला की वाजवणार. ताजमध्ये मिकी कोरियाचा बँड वर्षानुवर्षं वाजला. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ह्याला तर लोक इंडियाचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

मग पन्नासच्या आसपास मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतला धंदा बसला, आणि ही मंडळी सिनेमात जास्त जास्त शिरली. तिथे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, सी. रामचंद्र, त्यांची वाटच बघत होते म्हणा ना. १९५१चा 'अलबेला' काढा, 'शोला जो भडके' लावा. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहाय्यक होता आणि 'अलबेला'त तो पडद्यावर बँडसकट दिसतोसुद्धा. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवणार, व्हायोलिनला हे, ट्रंपेटला ते असे पार्ट लिहिणार, आणि तुमचे आजोबा स्टँडवरचा कागद बघून एक-दोन टेकमध्ये वाजवून पुढच्या स्टुडिओची गाडी पकडणार, असं ते काम चालायचं. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनकडचे सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, ही नावं तरी थोडी बाहेर आली, तीही उशिरा. बाकीचे शेकडो लोक आवाजात आहेत फक्त.

तुम्ही एक करा. घरातली मोठी माणसं अजून असतील तर आजोबा कुणाच्या बँडमध्ये होते, कोणत्या स्टुडिओत जायचे, चाळीत कोण कोण सोबती होते, ते आजच लिहून घ्या. नातेवाइकांच्या फोटोंच्या मागे बँडचं नाव लिहिलेलं असतं कधीकधी, ड्रमच्या तोंडावर तर हमखास असतं, तो फोटो भिंग घेऊन बघा. आणि ती पेटी टाकू नका, आतल्या अस्तरात चिठ्ठ्या, पावत्या अडकलेल्या मी स्वतः एका घरी बघितल्यात.

न्यू जर्सीत राहते, रोज न्यूयॉर्कच्या ए ट्रेनने ऑफिस. एलिंग्टनच्या बँडचं 'टेक द ए ट्रेन' हे खरंच ह्याच गाडीवर आहे का? — एक वाचक

हो, हीच गाडी! एलिंग्टनने बिली स्ट्रेहॉर्नला (हा त्याच्या बँडसाठी गाणी लिहायचा) आपल्या हार्लेमच्या घरी यायचा पत्ता सांगितला त्यावरून सुचलेलं. १९४१ला रेडिओ कंपन्यांचं आणि संगीतकारांच्या मोठ्या संस्थेचं भांडण लागलं, एलिंग्टनला स्वतःची गाणी रेडिओवर वाजवता येईनात, तेव्हा त्या संस्थेत नसलेल्या स्ट्रेहॉर्नने आणि एलिंग्टनच्या मुलाने भराभर नवीन लिहिली, त्यातलं हे. फेब्रुवारी १९४१चं रेकॉर्डिंग ऐका, रे नान्सचा ट्रंपेट सोलो आहे. आमच्याकडे गिरगावात हेच गाणं रात्री शॉर्टवेव्हवर यायचं, व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हरच्या जॅझ प्रोग्रामची सुरुवातीची धून म्हणून. आवाज लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा. माझे काका रेडिओच्या एरियलची तार हातात धरून उभे राहायचे, मग साफ लागायचं.

जुन्या रेकॉर्ड्स कशाने पुसू? — तेच ठाण्याचे वाचक

काका, स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन काही म्हणजे काही लावू नका, लाख त्यात विरघळते. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल गोल, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू न देता, आणि लगेच कोरडं करून उभं ठेवा. हाताने चावी द्यायचा ग्रामोफोन असेल तर स्टीलची पिन प्रत्येक बाजूला नवीन लावा, जुनी पिन खाच खरवडते. वाजवलीत की फोन लावून ऐकवा, नंबर संपादकांकडे आहे.